पहिल्या पायरीला नमस्कार

लंडनच्या पिनर उपनगरातल्या पार्कचं ओलं रेलिंग धरलं, तळहाताला लोखंडाचा वास लागला आणि त्या लोखंडी पायऱ्या आठवल्या. वीसेक वर्षांपूर्वी, मी लंडनमध्ये नवी असताना, नागपूरहून आलेल्या आईला घेऊन जर्मनीतल्या वालुकाश्माच्या डोंगरांत गेले होते. उभ्या कड्यात लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या होत्या आणि शेजारी जाड तार. रांगेतले लोक पडू नये म्हणून कमरेच्या पट्ट्याचे हुक तारेला अडकवत होते. आईने आधी पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला.

"आई, मागे लोक खोळंबलेत," मी ओशाळून म्हणाले.

"पाय ठेवणार आहे ना तिच्यावर," म्हणत ती चढू लागली.

वर पोचलो तेव्हा धुक्यातून सोनेरी सुळके उगवत होते. रांगेत बडबडणारे सगळे गप्प उभे होते. मला वाकून पायाखालच्या दगडाला हात लावावासा वाटला. आई बघत होती, म्हणून लावला नाही.