वत्सूचा आवाज गेला तेव्हा

वत्सूच्या घशातला लांब दांडीचा आरसा बाहेर काढून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घसा ठणठणीत आहे. याला हिस्टेरिकल अफोनिया म्हणतात.” माझा चेहरा बघून त्यांनी मग उलगडून सांगितलं. अफोनिया म्हणजे आवाज बंद होणं. गळा, जीभ सगळं शाबूत, पण मनात अशी दहशत बसलेली की आवाज फुटत नाही.

वत्सू माझी धाकटी बहीण, बार्शीच्या एका नावाजलेल्या वकिलाला दिलेली. मी थोरली. नवरा गेल्यावर सोलापुरात माहेरी परतलेली आणि मुलींच्या शाळेत शिकवणारी. वत्सूला माहेरी आणलं ते तिच्या नवऱ्यानंच. “हल्ली हिला काही सुचत नाही, जपा हिला,” असं डोळ्यांत पाणी आणून सांगून तो गेला. तिच्या अंगावर वळ नाही, ओरखडा नाही. मग दहशत कसली? मला डॉक्टरीणबाईंचाच राग आला. हिस्टेरिया म्हणजे सोंग, असंच आम्ही ऐकत आलेलो.

तिला बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं. रक्त तपासलं, छाती तपासली. प्रत्येक तपासणीला मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून काहीतरी सापडू दे म्हणून देवाला विनवत होते. क्षय निघाला असता तरी त्याला नाव होतं, औषध होतं. काहीच सापडलं नाही.

मग उपचार सुरू झाले. आधी नुसतं खोकायचं, मग खोकता खोकता ‘अं’ म्हणायचं. पुष्कळ दिवसांनी बारीकसा ‘अं’ निघाला आणि मी बाहेर जाऊन ढसाढसा रडले.

नवरा रविवारी यायचा. मोसंबी आणायचा, आजूबाजूच्या रोग्यांचीही चौकशी करायचा. वॉर्डातली आया तर त्याच्यावर खूश. “दाजी लई देवमाणूस हायत की! असा नवरा कुटं मिळतुय, अक्का?” मलाही तसंच वाटे. पण सोमवारी वत्सूचा ‘अं’ नाहीसा झालेला असे.

हे डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी मला खोलीत बोलावलं. “तुमचे मेहुणे रविवारी येतात आणि आठवडाभराचं काम पुसून जातात,” त्या म्हणाल्या. “काही माणसांत मॉरल इन्सॅनिटी असते. बुद्धी तल्लख, वागणं गोड, पण दुसऱ्याचं दुःख त्यांना पोचतच नाही. समोरचा तडफडला की त्यांना करमणूक होते. त्यांना औषध नाही. औषध हिला आहे, आणि ते एकच. हिला तिथे पाठवू नका.”

मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, “त्या बाईला स्वतःचा संसार नाही, तिला काय कळायचं!” आप्पा म्हणाले, “पुरावा काय?” पुरावा वत्सूच्या गळ्यात अडकलेला, तो मी कुठून आणू?

तेवढ्यात अधिक महिना लागला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, त्याची पूजा करायची, ही आमच्याकडची रीत. आईनं ठरवूनच टाकलं की वत्सूला दवाखान्यातून घरी आणायचं, वाण द्यायचं आणि ओटी भरून जावयाबरोबरच पाठवायचं. वत्सूला घरी आणल्यावर मी आईच्या पाया पडले. ती म्हणाली, “नवऱ्याच्या घरी गेली की बरी होईल.” वत्सू ऐकत होती. तिनं गुपचूप ट्रंकेत लुगडी भरायला घेतली.

वाण झालं. पानं वाढली. नैवेद्याचा स्वयंपाक, त्यामुळे आधी कुणी चाखलेला नाही. जावई वत्सूच्याच हातून वाढून घेत होता. त्यानं आमटीचा पहिला भुरका घेतला, थांबला आणि हसला. “खारट झालीय जरा. असू दे, वत्सूच्या हातची सवय आहे मला.”

आप्पांनी आपली वाटी न चाखताच बाजूला सारली. जावयानं खारट म्हटल्यावर आपण चाखून बघायचं म्हणजे त्याला खोटं पाडायचं. ते आमच्या घरात कोण करणार! वत्सूला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिनं आमटीचं पातेलं उचललं आणि ओतून द्यायला मोरीकडे निघाली. आमटी पायावर सांडत होती तरी ती थांबली नाही.

पण ती आमटी आईनं केली होती. वत्सूनं चुलीला हातही लावला नव्हता.

आईनं मोरीच्या तोंडाशी तिला गाठलं. पंगत उठायची आहे, आपण अजून जेवलेलो नाही, हे काहीही न बघता पळीभर आमटी हातावर घेऊन तोंडात टाकली. पुन्हा घेतली. मग बाहेर जाऊन म्हणाली, “मीठ बरोबर आहे, जावईबापू.”

“माझीच जीभ बिघडली असेल,” तो तितकंच गोड हसून म्हणाला.

“असेल,” आई म्हणाली. “वत्सू येणार नाही.”

आप्पांनी मान वर न करताच बाजूला सारलेली वाटी जवळ ओढली. तो शांतपणे हात धुऊन निघून गेला आणि गावभर आमची नाचक्की करायला मोकळा झाला.

पुढे फुटक्या आवाजात वत्सूनं सांगितलं. रोज तो म्हणायचा खारट, रोज सगळं मोरीत, आणि तिला चाखायची बंदी. ठेवलेली वस्तू जागेवर नसे, म्हटलेल्या शब्दावर ‘तू म्हटलंच नाहीस’ येई. शेवटी आपलं काहीच खरं नाही असं वाटून ती बोलायची थांबली.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. अजून दारात टांगा थांबला की ती माजघरात दडते. कित्येकदा मीही हताश होते, चिडते, आणि चिडल्याचं तिला लगेच कळतं. तुमच्या घरी असं कुणी परत आलं तर ‘पण तो तर किती चांगला’ एवढं मात्र म्हणू नका. तिथेच आम्ही तिचे कितीतरी महिने घालवले. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत, आणि त्या पळीभर आमटीसाठी आईचेही.

वत्सू हल्ली रोज सकाळी चहाचा घोट घेऊन माझ्याकडे बघते. “अक्का, बरा आहे ना गं?” मी सांगत नाही. “तूच सांग,” म्हणते. मग ती कप तसाच धरून बसते, चहा निवून जातो, आणि मी वाट बघते.

काल तिनं कप खाली ठेवला. या वेळी माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाली, “साखर कमी आहे.”

होतीच कमी.