आईची साडेपाच पुस्तकं

माझी आई चाळिशीत वाचायला शिकली आणि शिकल्यावर तिने जे वाचलं ते सगळं रक्तपिशाचाबद्दलचं होतं.

आम्ही मराठवाड्यातून वाशीला आलो तेव्हा खाडीवरचा पूल होऊन थोडीच वर्षं झाली होती. बाबांना जवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली होती. बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट रिकामे. खिडकीतून समोर अर्धवट बांधकामं आणि पलीकडे खारफुटी दिसायची. गावात चार बायकांत वावरलेल्या आईला इथे दिवसभर बोलायला माणूस नव्हतं. मी नववीत होते. एकदा दुपारी ती म्हणाली, "मला बी शिकव गं. बसवरची पाटी तरी कळंल."

मी दुरेघी वहीत अक्षरं काढून द्यायचे, ती त्याखाली गिरवायची. वर्षभरात ती जोडाक्षरांपर्यंत आली.

बाबांनी तिच्यासाठी धम्माची पुस्तकं आणून ठेवली होती. तिने ती कपाळाला लावली आणि फळीवर ठेवली. "ही मोठी हायेत. आधी बारकं कायतरी वाचते," म्हणाली. त्या आठवड्यात मी सेक्टरमधल्या लायब्ररीतून माझ्यासाठी एक भयकादंबरी आणली होती. कव्हरवर सुळे दाखवणारा माणूस होता. मी शाळेतून आले तेव्हा आई खिडकीशी बसून पहिल्याच पानावर बोट फिरवत होती. ओठ हलत होते. त्या दिवशी तिचं एक पान झालं.

त्या लेखकाने एकाच पिशाचावर सहा कादंबऱ्या लिहिल्या होत्या. घाटमाथ्यावरच्या बंगल्यात राहणारा, तीनशे वर्षं न मेलेला एक सरदार. दर पुस्तकात त्याला मारायचे आणि पुढच्या पुस्तकात तो परत यायचा. मी पहिल्या दोन वाचल्या आणि मला कंटाळा आला. आईने एक संपवायला पाच महिने घेतले, दुसरीला चार. भरदुपारी, उन्हात बसून ती घाबरायची. मधेच उठून दाराची कडी बघून यायची.

त्या सरदाराचा एक नियम होता. घरातल्या कुणी 'या' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता यायचा नाही. एका प्रकरणात तो पावसात एका घराच्या दाराशी उभा असतो, आत जेवणं चाललेली असतात आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. ते पान आईने किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. मला म्हणाली, "असं दारात उभं राहनं म्या लई केलंय."

गावातलं मला थोडं आठवत होतं. वरून ओतलेलं पाणी, लांबून टाकलेली भाकरी.

"याला कसं कळलं असंल?" तिने विचारलं. म्हणजे लेखकाला.

चौथी कादंबरी संपल्यावर तिने त्याला पत्र लिहायचं ठरवलं. आयुष्यातलं पहिलं पत्र. पुस्तकात प्रकाशकाचा पत्ता होता, त्यावर पाठवायचं. मी मदत करते म्हटलं तर तिने पाठ फिरवली. तीन दिवस लिहीत होती. शेवटी वाचायला दिलं. पाचच ओळी होत्या. तुमची चार पुस्तकं वाचली, मी वाशीला राहते, आणि शेवटी, 'तुमाला कुनी दारात उभं केलं होतं का?' मी चुका सुधारल्या नाहीत. पत्र पेटीत टाकलं.

उत्तर आलं नाही. ती रोज खालच्या टपालपेटीशी जाऊन यायची. सहा महिने झाले, आठ झाले. तोवर मी टायपिंग शिकून नोकरीला लागले होते. तिचं ते जिने उतरणं मला बघवेना. एक दिवस ऑफिसात बसून मीच कार्ड लिहिलं. अक्षर जरा तिरपं काढलं. 'ताई, तुमचं पत्र मिळालं. होय, उभं केलं होतं.' खाली लेखकाची सही.

आईने कार्ड हातात घेतलं. वाचायला तिला वेळ लागायचा, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तर ती माझ्याकडेच बघत होती.

"हा 'ळ' तुझा हाय," ती म्हणाली. "तुझ्याच वहीवर तर शिकले."

ती रागावली नाही. कार्ड मला परत दिलं. त्यानंतर टपालपेटीशी गेली नाही.

पाचवी तिने वाचली, पण गप्प राहून. सहावीच्या मध्यावर ती म्हणाली, अक्षरांवरून काळे धागे फिरतात. तिला साखरेचा आजार होता, आम्हाला माहीत नव्हतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेईपर्यंत डोळ्यांच्या आत रक्त उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. उजवा डोळा गेला, मग डावा. सगळं पाच-सहा महिन्यांत.

मी रविवारी तिच्याजवळ बसून सहावी वाचायला घेतली. ती थांबली होती तिथपासून. मी आवाज चढवून, उतरवून वाचत होते. सरदार आता एका नव्या गावात आला होता. दहा-बारा पानं झाल्यावर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

"का? पुढे तर तो मरतो की नाही ते कळणार आहे."

"तू वाचलंस की भ्या वाटत न्हाई. कुनीतरी बोलतंय असं वाटतं." मग म्हणाली, "मी वाचायची तवा तो यायचा."

मी आणखी दोन रविवार प्रयत्न केला. हळू वाचलं, तिच्यासारखं अक्षर अक्षर लावून वाचलं. तिसऱ्या रविवारी मी पुस्तक उघडलं तेव्हा ती उठून भिंत चाचपत आत गेली.

पुस्तक मी लायब्ररीत परत दिलं. ती चालवणाऱ्या काकांनी विचारलं, "आवडलं का आईंना?" मी हो म्हटलं.

त्यानंतर आई चार वर्षं जगली. दुपारी खिडकीशी बसायची, कारण तिथे वारा येतो म्हणायची. आजूबाजूला बिल्डिंगी पूर्ण झाल्या, बायका राहायला आल्या, तिच्याकडे गप्पांना यायच्या. ती ऐकून घ्यायची. लिहिता-वाचता येत होतं हे तिने त्यांना कधी सांगितलं नाही. एकदा माझ्या मैत्रिणीने सहज विचारलं, तर म्हणाली, "न्हाई बाई, मी अडानी."

मी शेजारीच उभी होते. मी तिचं वाक्य सुधारलं नाही.