पाच तोळ्यांचा पाय

घटस्थापनेचा दिवस होता. नवस ठरला तो असा: पाच तोळे चांदीचा एक पाय आणि पाच नवरात्रं अनवाणी सप्तशृंगीचा गड. हजर होतो तिघं. आई, माझी पत्नी मंदा आणि मी. नवस आईच्या तोंडचा, चालायचं मंदानं, आणि चांदीची जबाबदारी माझी. मी निफाडजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये वजनकाट्यावर काम करतो, त्यामुळे वजनाची बोलणी घरात माझ्याकडेच येतात. देवीवर माझी श्रद्धा तेव्हाही होती, पण देवाशी असा करार करावा की नाही याबद्दल मनात शंका होती. ती मी बोललो नाही. मंदाचा पाय बरा व्हावा, यापलीकडे घरात कुणालाच काही सुचत नव्हतं.

मंदा द्राक्षबागांत विरळणी करणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम आहे. तिच्या हाताला जी चपळाई आहे ती आमच्या भागात दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही, हे मी नवरा म्हणून सांगत नाही, बागाईतदारच सांगतात. बागेत ती नेहमी अनवाणी असायची. त्या साली बांधावरचा बाभळीचा काटा तिच्या उजव्या तळव्यात मोडला. काटा निघाला, जखम मिटली, पण काही महिन्यांनी तिथं गाठ आली. दुखत फारशी नव्हती, पण वाढत होती. गावातल्या दवाखान्यात गोळ्या घेतल्या, हळद भरली, आणि शेवटी नवस बोलला गेला.

पहिल्या नवरात्रात ती घरापासून गडापर्यंत अनवाणी चालली. परत आली तेव्हा गाठीला तोंड पडलं होतं. त्यातून पिवळट पाणी आणि खसखशीएवढे बारीक दाणे येत होते. दाणे गेले तसा पायाचा ठणका कमी झाला, सूजही थोडी उतरली. आई म्हणाली, "बघ, काढतीय ती." दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच झालं. गड चढला की तोंडं उघडायची, दाणे यायचे, पाय हलका वाटायचा. आम्ही तिघांनीही ती देवीची पावती मानली. मधल्या काळात पाय पुन्हा भरायचा, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त भरायचा, पण तेव्हा आम्ही पुढच्या नवरात्राकडे डोळे लावून बसायचो. तिसऱ्या वर्षी तळव्याला पाच तोंडं होती. घरापासून चालणं शक्यच नव्हतं. एसटीनं नांदुरीपर्यंत गेलो आणि तिथून घाट तिनं अनवाणी चढला. वाटेत एकदाही बसली नाही.

गडाच्या पायऱ्यांवर मात्र ती बसली. सकाळची वेळ होती, गर्दी बऱ्यापैकी. तिनं पायाची चिंधी सोडली. शेजारच्या पायरीवर साठीची एक बाई टेकली होती. गुडघ्याखालचा कृत्रिम पाय काढून तिनं बाजूला उभा करून ठेवला होता. मी बघतोय हे पाहून ती म्हणाली, "बघू नका दादा, माझी चप्पल जरा उंच हाय, एवढंच." मग ती मंदाच्या पायाकडे वाकली. "काय गं, दाणे येत्यात का यातून?"

आईनंच उत्तर दिलं, आणि जरा मानानं दिलं. "येत्यात की. गड चढला की येत्यात. आई काढून टाकती."

"माझे बी काढत होती," ती बाई म्हणाली. "म्हणून मी बी गप बसले. शेवटी पायच काढला, आन् तो देवीनं नाय काढला, डॉक्टरनं काढला. लय उशिरा गेले मी. माझे दाणे काळे होते, हिचे पिवळे दिसत्यात. त्यात काय फरक ते मला नाय ठावं. पण नाशिकला मोठ्या दवाखान्यात ने हिला. आजच. ही चिंधी धुऊ नका, अशीच न्या."

"वर जायचं राहिलंय," आई म्हणाली. "अनवाणीचा बोल हाय."

"मी दर साली येते मावशी. एक पाय कुठं टाकून आलीस, असं तिनं मला कधी विचारलं नाय."

आई वर देवळाकडे बघत राहिली. मग तिनं आपली पिशवी उघडली. नवस मंदाच्या पायांचा होता, आईच्या नव्हे, म्हणून घाट ती चपला घालूनच चढली होती आणि पायऱ्यांशी आल्यावर त्या पिशवीत ठेवल्या होत्या. त्या तिनं काढल्या, खाली वाकली आणि सुनेच्या पायांपुढे ठेवल्या. आमच्या घराण्यात सासूनं सुनेच्या पायांशी हात नेलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. मंदा घाईनं पाय मागे घेऊ लागली. "आत्याबाई, अहो, नवस मोडेल."

"तोंड माझं होतं. मी बघते तिच्याशी. घाल."

सुजलेला पाय आत जाईना. आईनं पट्टा दोन्ही हातांनी ओढून उचकटला आणि चप्पल चढवली. मग ती एकटीच वर गेली. देवीपुढे काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. आम्ही दोघं खाली उतरलो. घाईत त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. बोलता बोलता येवल्याची म्हणाली होती, तेवढंच लक्षात आहे.

नाशिकच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी चिंधीतले दाणे काचेवर दाबून बघितले, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, एक्स-रे काढला. निकालाच्या दिवशी डॉक्टर बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. फांद्या फुटलेल्या बारीक धाग्यांसारखं काहीतरी दिसलं. "हे जिवाणू मातीत असतात," त्या म्हणाल्या. "काट्याबरोबर आत गेले. टीबीचे जंतू तपासायला रंगवले की आम्लानं धुतले तरी तो रंग सोडत नाहीत. हे त्यांचे लांबचे भाऊबंद, थोडा सोडतात, थोडा धरतात. बाहेरून असाच दिसणारा आजार बुरशीनंही होतो. त्यात औषधं कमी चालतात, बऱ्याचदा कापावं लागतं. तुमचा जिवाणूचा आहे आणि हाड अजून फारसं पोखरलेलं नाही. पाय राहील. पण यापुढं एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही." मी मंदाकडे पाहिलं. ती आईच्या त्या उचकटलेल्या चपलेकडे बघत होती.

दीड वर्ष उपचार चालले. इंजेक्शनांच्या फेऱ्या, मधे विश्रांती, गोळ्या रोज. प्रत्येक फेरीआधी कान आणि मूत्रपिंडं तपासत. मंदानं एक गोळी चुकवली नाही. आज तळव्यावर पाच पांढरे वण आहेत, बाकी पाय पायासारखा आहे. बागेत परतली ती गमबूट घालून, आणि पहिल्याच दिवशी मालकाला म्हणाली, "सगळ्या बायांना बूट आल्याशिवाय माझी टोळी बागेत शिरायची नाय." मालक हसला. दुसऱ्या दिवशी टोळी बांधावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी बूट आले. आता हंगामात ती टोळी बूट वाजवत रस्त्यानं निघते तेव्हा मी काट्यावरचं काम थांबवून बघतो.

ती बाई देवीनं पाठवली असं मी म्हणणार नाही. पायऱ्यांवर बसायला इतर पुष्कळ जागा होत्या आणि ती आमच्या शेजारी बसली, एवढंच मला माहीत आहे. पुढं दोन्ही वर्षी आम्ही तिला त्याच पायऱ्यांवर शोधलं, ती भेटली नाही. तिचं देणं तसंच आहे. मला समजलं ते इतकंच. आम्ही देवीला शरण गेलो होतो खरे, पण अटी आमच्या होत्या, किती चालायचं, कसं चालायचं, हे आम्हीच ठरवलं होतं. खरं शरण गेली ती आई, स्वतःचा शब्द स्वतःच्या हातानं बाजूला ठेवून. मला माझ्या आईचा आणि बायकोचा अभिमान आहे, आणि तो मी देवीपुढेही लपवत नाही.

उरलेली दोन नवरात्रं आई नांदुरीपासून चालली, चपला घालून. पाचव्या नवरात्रात मंदा बरोबर होती. पायऱ्या ती जाड मोजे घालून चढली आणि वाटेत कुणी काही विचारलं नाही. शेवटी फेडलं ते असं: चांदीचा पाय, पाच तोळे, देवीला, आईच्या हातून. आणि चपलांचा एक नवा जोड आईला, मंदाकडून. पट्टा उचकटलेला जुना जोड मंदानं परत दिला नाही. तो तिनं धुऊन देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला आहे. रोज पूजा आई करते. तिनं तो तिथून हलवलेला नाही.