दत्ताकाकांचं धुराडं

दत्ताकाका गेल्याचं त्यांच्या लेकीने कुडाळहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी अजमानच्या ऑफिसात होते. "ताई, बाबा गेले. झोपेतच..." सुट्टीवर घरी गेलेला माणूस. मला रडू यायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे आली ती डोंगरातली एक दुपार, आणि आज महिना उलटल्यावरही ती आठवली की छाती तशीच धडधडते.

काका आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत गवंडी, मी साइट इंजिनियर. रास अल खैमाच्या डोंगरात एका अमिराती गृहस्थाचं दगडी घर आहे. हिवाळ्यात तिथे दात वाजतात, हे दुबईत राहणाऱ्यांना खरं वाटत नाही. घरात त्याची म्हातारी आई. हीटरच्या कोरड्या हवेने तिला खोकला येई, म्हणून मुलाने लाकडं जाळायची फायरप्लेस बांधून घेतली. पण पेटवली की सगळा धूर खोलीतच, म्हणून आम्हाला बोलावलं. "ये ठीक नहीं हुआ, तो माँ को शहर ले जाऊँगा," तो मला म्हणाला. म्हातारीला हिंदी येत नव्हती, तरी तिने काठी घट्ट धरली. तिला सगळं समजलं होतं.

मी माप घेऊन आकडेमोड करायला बसले. काका मात्र चुलीपुढे बसावं तसे उकिडवे बसले. "आधी जाळ घालूया. काय चुकलंय ते धूरच सांगेल." जाळ घातला आणि धुराचा लोट अंगावर आला. काकांनी पत्र्याचा तुकडा मागवला. "तोंड मोठं झालंय हिचं." वरच्या कडेला पत्रा आडवा धरून आम्ही दोघं तो बोट-बोट खाली आणू लागलो. डोळ्यांतून पाणी, घशात धूर, तापलेले हातमोजे... चार बोटं, पाच बोटं... आणि बाहेर येणारा धूर एकदम थबकला, वळला आणि आत खेचला गेला.

"गो बाय, हयसरच धर!" काका मालवणीत ओरडले आणि पत्रा होता तिथेच त्यांनी त्याच्या कडेने खडूची रेघ ओढली. धुराडं घूं घूं करू लागलं, लाकडं तडतडली. म्हातारी पुढे आली, तिने खांद्यावरची शाल काढून बाजूला ठेवली आणि हसत सुटली. मी चक्क टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांत काकांनी वरून रेघेपर्यंत विटा बांधून तोंड लहान केलं. म्हातारी आपल्या घरातच राहिली.

त्यानंतर दर हिवाळ्यात पहिला जाळ घालताना आम्हाला बोलावणं यायचं. पण काका आधी आत जात नसत. अंगणात मान वर करून उभे राहत. धूर सरळ वर गेलेला दिसला, की मगच चहाला.

गेल्या आठवड्यात मी एकटीच गेले. काका गेल्याचं म्हातारीच्या मुलाला फोनवर आधीच सांगितलं होतं. "अंदर आओ, ठंड है," तो दारातून म्हणाला. मी म्हटलं, "दो मिनट."

तेवढ्यात म्हातारी काठी टेकत बाहेर आली. माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनेही मान वर केली.