खळ्यात ठोकलेली खुंटी

मैत्रिणींनो, आज थोडक्यात निभावलं.

महाराष्ट्र नवा होता, तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला तंबू लावायला शिकवलं होतं. जागा सपाट आणि स्वच्छ बघा, म्हणायच्या. आज देऊळघाटजवळच्या एका शेतात आम्हा तिघी वर्गमैत्रिणींना तशीच जागा सापडली, शेणाने सारवलेली, गुळगुळीत. बुटांसकट शिरलो आणि मी पहिली खुंटी ठोकली.

शेताच्या मालकीण कांताबाई धावतच आल्या. "अवं बाई, खळ्यात खुटी काऊन ठोकून राह्यल्या? उद्या तूर झोडाची हाये इथं!"

त्यांनी चपला खळ्याबाहेरच काढल्या होत्या. जिथे त्या चप्पल घालूनही जात नाहीत, तिथे मी भोक पाडलं होतं. बूट काढले आणि म्हटलं, "चुकलं हो. आम्ही निघतो."

"निघता कायले? एवढ्या शिकल्या, अन् खळं नाही वळखलं!" त्या हसल्या. शेणमाती कालवून त्यांनी ते भोक माझ्याकडूनच बुजवून घेतलं, मग तंबूसाठी धुऱ्याजवळची, म्हणजे बांधालगतची जागा दाखवली.

जीव भांड्यात पडला. आता तंबूच्या दारात बसून लिहितेय. हाताला शेणाचा वास आहे, पण धुवावासा वाटत नाही.

तुमची अशी चूक कुणी हसून पदरात घेतलीय का?