कोळसा, मीठ आणि तांब्याचा पत्रा

माणसांवर चटकन विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. धाड गावी आमच्या अंगणात वीज आली आणि आमच्या ह्यांनी सुतारकामासाठी भोकं पाडायचं विजेचं मशीन आणलं, तेव्हा त्या मशीनवरही माझा विश्वास नव्हता. त्याचं सगळं अंग लोखंडाचं आणि वायरीला तीन पिना. दोन पिनांवर काम चालतं, तर ही तिसरी कशाला?

"अर्थिंगची हाये ती," चिखलीहून आलेला वायरमन म्हणाला. "आतली वायर सोलली की करंट वरच्या लोखंडात येते. ही पिन त्याले जमिनीत नेते. नाही तं तो माणसातून जाते."

त्यानं कोपऱ्यात खोल खड्डा खणला, वायर जोडलेला तांब्याचा पत्रा त्यात उभा केला आणि भोवती कोळसा नि मीठ भरलं. सासूबाई ओट्यावरून पाहत होत्या.

"अर्थ म्हंजे काय, बापा?"

"जमीन, माय. इंग्रजीत."

"मंग आमच्यात त्याले काही अर्थ नाही," असं म्हणून त्या आत गेल्या. वायरमन जाताना सांगून गेला, की माती ओली राहायला हवी, रोज पाणी टाका.

मी टाकत होते. शिवाय ह्यांच्या पायात रबरी चप्पल आहे का, भोक पाडायचं टोक बदलताना पिन काढली का, हेही पाहत होते. हे चिडायचे. "बायको हायेस का पोलीस?"

एका सकाळी ह्यांनी मशीन हातातून फेकूनच दिलं. पायात चप्पल होती म्हणून निभावलं. "हात वल्ला होता," म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता आणि म्हणे हात ओला. मी पिन उपसली आणि वायरमनला निरोप धाडला.

त्यानं दोन वायरी जोडलेला बल्ब आणला. बोर्डाच्या खालच्या दोन भोकांत लावला तर लख्ख पेटला. एक वायर अर्थिंगच्या भोकात घातली तर पेटेचना. खड्डा उकरला. कोळसा होता, मीठ होतं, पत्रा नव्हता. वायरीचं तुटकं टोक कुणीतरी मातीत नीट खुपसून ठेवलं होतं.

तांबं कोणाला नको असतं? आधी मला वायरमनचाच संशय आला. मग आठवलं, शेजारीण कालच दारात नवाकोरा तांब्याचा गडू घासत बसली होती. मी पदर खोचला.

"थांब व," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या दारी नको जाऊ. पत्रा म्या काढला. तुम्ही बाजारात गेले होते तवा."

"काऊन, आत्याबाई?"

"अवसेच्या दिवशी परका माणूस येते, माह्या लेकाच्या अंगणात कोळसा-मीठ गाडते, वरून रोज पाणी टाका म्हंते. करणी नाही तं काय हे? नदीत सोडून आली मी."

माझा राग आवरेना. "मेले असते ना हे," मी म्हणाले.

त्या खाली बसल्या. लेकाचा हात धरून कितीतरी वेळ उलटासुलटा करून पाहत राहिल्या.

नवा पत्रा पुरला, बल्ब लख्ख पेटला. संध्याकाळी सासूबाईंनी मूठभर मीठ घेऊन लेकाची दृष्ट काढली. एरवी ते मीठ चुलीत जायचं. त्या दिवशी त्यांनी ते खड्ड्यात टाकलं आणि वर तांब्याभर पाणी घातलं. "मीठच पाह्यजे न त्याले?" म्हणाल्या. पुढे पाणी घालायचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं.

माझा काही भरवसा नव्हता. त्या आत गेल्या की मी जाऊन माती उकरून पाहायची, पत्रा जागेवर आहे ना. एकदा अशीच वाकलेली असताना मागं वळून पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि माझ्या हातांकडे टक लावून बघत होत्या.

"काय काढून राह्यली व तिथून?" त्यांनी विचारलं.