पट्टीवरचा तळहात

कोहमाऱ्याच्या फाट्यावर डोमाजीभाऊंचं औषधांचं दुकान होतं. गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली की ते तिच्यावर आपला तळहात ठेवायचे आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे. पैसे पुढे केले तरी हात हलत नसे. आधी प्रश्न. "बीपी आहे का जी? काचबिंदू? लघवी अडून-अडून होते का? आता गाडी चालवून राहिला का?" उत्तरं पटली तर हात उचलला जाई. नाही पटली तर पट्टी हाताखालूनच सरकत ड्रॉवरमध्ये परत जाई.

त्या हाताशी मी कित्येक हंगाम भांडलो.

मी मूळचा केशोरीचा. पाठीवर पोती वाहता वाहता धानाचा व्यापारी झालो. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण खळ्यांवर. मूठभर धान घ्यायचं, नाकाजवळ न्यायचं, एक दाणा दाताखाली फोडायचा. ओलं आहे की वाळलेलं, नवं आहे की जुन्यात मिसळलेलं, हे मला त्या एका वासात कळायचं. भावाची घासाघीस त्यानंतरची. पण दिवाळीच्या सुमारास मळणी सुरू झाली, मशीनचा भुसा उडायला लागला, की माझं नाक चोंदायचं. शिंका, डोळ्यांतून पाणी, कपाळात जडपणा. ज्या दीड महिन्यात मला नाक लागायचं, नेमकं त्याच दिवसांत ते बंद. एका वर्षी कुबट धानाची अख्खी गाडी मी चांगली म्हणून उचलली. तेव्हा नाक उघडणारी गोळी मागायला डोमाजीभाऊंकडे गेलो.

दुकानात चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर त्यांनी मला लघवीचं विचारलं.

मी तापलो. म्हटलं, "मी धान घेताना शेतकऱ्याला हे विचारतो का?"

माणसं हसली. डोमाजीभाऊ हसले नाहीत. "धान वापस करता येते, शेठ. गिळलेली गोळी वापस नाई करता येत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या गोळीत दोन औषधं आहेत. एक शिंका थांबवतं, पण झोप आणतं. दुसरं नाक मोकळं करतं, पण रक्तदाब वाढवतं. "तुमाले बीपीची गोळी रोजची चालू आहे. मंग त्या दुसऱ्या औषधाची जोखीम कायले घेता? एका औषधाची साधी गोळी देतो, रातच्याले घ्या. खळ्यावर तोंडाले दुपट्टा बांधा. पाणी उकळून थंड करा, चिमूटभर मीठ टाका, नाक धुवा. तेवढ्यानं नाई भागलं तं डॉक्टरले दाखवा."

दोन औषधांचा माल समोर असताना मी एका औषधाचा का घ्यावा, हे माझ्या डोक्यात शिरेना. मला वाटलं, हा माणूस मला हलका माल खपवतो आहे, आणि वर लोकांसमोर माझी शोभा करतो आहे. साधी पट्टी तिथेच फेकून मी निघालो.

गोंदियाच्या एका दुकानात एवढंच विचारलं, "कितनी चाहिए, सेठ?" दुकानदारानं असं बोलावं, असं तेव्हा मला वाटलं. एक पट्टी तिथून घेतली. रस्त्यातल्या किराणा दुकानातून सर्दीच्या पिवळ्या गोळ्या सुट्या घेतल्या. तिसऱ्या एका ठिकाणाहून आणखी वेगळ्या नावाची पट्टी. नावं वेगळी, रंग वेगळे, तेव्हा काम वेगळं, असा माझा हिशोब. सकाळी एक, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. नाक उघडलं, हे खरं. पण वजनकाट्याशेजारी उभ्याउभ्या डुलकी लागायला लागली, छातीत धडधड होऊ लागली. चौथ्या दिवशी लघवीच बंद झाली.

सकाळपासून दुपारपर्यंत कळ सोसली. बायकोला सांगितलं नाही, हमालांना सांगणं तर शक्यच नव्हतं. शेवटी पोट धरून डोमाजीभाऊंच्या दुकानात गेलो. कारण जगात तो एकच माणूस होता, ज्यानं मला ते आधी विचारलं होतं.

त्यांनी माझ्या खिशातल्या पट्ट्या काढून काउंटरवर ओळीनं मांडल्या. भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचली. म्हणाले, "पोती तीन, शेठ. धान एकच."

एवढं मला लगेच कळलं. एकच माल तीन पोत्यांत भरून तीन नावांनी विकण्याचा प्रकार मी बाजारात शंभरदा पकडला होता. स्वतःच्या खिशात पकडता आला नाही.

भरल्या दुकानाचं शटर ओढून ते मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी नळी घातली. रक्तदाब इतका चढला होता की नर्सनं दोनदा मोजला. या वयात लघवीच्या वाटेतली गाठ वाढलेली असते, त्यात ही औषधं तिप्पट पडली, असं डॉक्टर म्हणाले. डोमाजीभाऊ बाहेर बाकावर बसून होते. आता "मी सांगितलं होतं" म्हणतील, या तयारीनं मी पडलो होतो. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते आत आले आणि पहिल्यांदाच शेठ न म्हणता बोलले.

"गोपाल, लाज केवढ्याले पडली?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

यानंतर तरी आमच्यात विश्वास येईल, असं मला वाटलं होतं. पुढच्या हंगामात मी साधी, एका औषधाची गोळी मागितली. पट्टी आली, पट्टीवर हात आला. "लघवी बराबर होते का जी? गाडी चालवून राहिला का?"

"अहो, तुम्हीच तर मला दवाखान्यात नेलं होतं."

"ते मागच्या सालचं झालं. यंदाचं बोला."

एकदाही, एका वर्षीही त्या माणसानं मला न विचारता गोळी दिली नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे. एकदा मी चिडून विचारलं, की प्रत्येकाला इतकं विचारायचा कंटाळा येत नाही का. म्हणाले, "माह्या आज्यानं गावची बोडी बांधली. तळ्याचं पाणी सोडाचं तं पहिले खालच्या धानाच्या बांधीत जाऊन पाहे, किती आहे म्हणून. रोज जाये. मंग मले काऊन कंटाळा यावा?"

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी गेलो तर शटर खाली. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, भाऊ मुलीकडे नागपूरला गेले, दुकान विकलं. चहावाल्याला माहीत, मला नाही. मी फोन लावला आणि आवाज चढवला.

"पट्टीवरचे अक्षर दिसत नाईत, गोपालशेठ. भिंगातूनही नाई. वाचताच नाई येत तं हात कशावर ठेवू?"

"मला सांगायचं तरी."

"तुमाले सांगतलं असतं तं तुम्ही भाव केला असता. आणखी एक साल थांबा म्हटले असते."

म्हटलंच असतं. मागच्या उन्हाळ्यात ते वारले. तेही मला चहावाल्याकडूनच कळलं.

यंदा मळणी लागली तसा त्याच दुकानात गेलो. नव्या मालकानं पट्टी फेकली, ती काचेवरून घसरत माझ्यापर्यंत आली. कुणी काही विचारलं नाही. औषध एकच आहे ना, हे मीच डोळे बारीक करून वाचत राहिलो. शेजारी एक ट्रकवाला शिंकत उभा होता, बोटात किल्ली. त्यानं दोन औषधांची गोळी विकत घेतली आणि तिथेच पाण्याची बाटली उघडली.

मी विचारलं, "गाडी चालवून राहिला का?"

"तुमाले का करायचं आहे?"

हा सूर माझ्या ओळखीचा होता, एके काळी माझाच. त्यावर डोमाजीभाऊ काय करत, हेही माहीत होतं. पण पट्टी त्याच्या हातात होती. मग मला जे येतं ते मी केलं. घासाघीस. आता घेऊ नको, झोप येते. गाडी ढाब्यावर लाव, जेव, झोप, जेवण माझ्याकडून. नाही म्हणाला. बरं, निदान मुक्कामी पोचल्यावर घे. बीपी असेल तर पोचल्यावरही नको. तो वैतागला, हसला. गोळी पट्टीसकट खिशात टाकत म्हणाला, "बरं बाबा, पोचल्यावर घेतो."

ट्रक रायपूरच्या दिशेनं वळला. त्यानं सौदा पाळला की पुढच्या वळणावर मोडला, हे मला कधी कळणार नाही. एवढ्या एका माणसाशी बोलून मी दमलो, चहावाल्याच्या बाकावर बसून राहिलो. डोमाजीभाऊ दिवसभर हेच करायचे.

तेही थकत असतील. मी कधी विचारलं नाही.